चपला कुठे गेल्या?

बोधवाचन प्रयोगशाळेचं काचेचं दार ठोसरबाईंनी असं ढकललं की ते भिंतीवर जाऊन आदळलं. मागोमाग दहावीतली पल्लवी गावंडे आत आली आणि तिनं ते हलकेच लोटून घेतलं.

"डॉक्टर, चपला कुठे गेल्या?"

डॉ. निरंजन वझलवार यांनी समोरच्या वाचनपाटीवरून नजर उचलली, कपाळावरची रुपेरी पट्टी सारखी केली. "कुणाच्या चपला?"

"बहिणीच्या. धड्यातल्या."

ती गोष्ट ठोसरबाई कितीतरी वर्षं शिकवत होत्या. थोरला भाऊ सांगतो, की धाकटी रुसून घर सोडून गेली, मी तिला रानोरान शोधलं, डोळे सुजेपर्यंत रडलो. सांगतो तेही इतकं गोड, की वाचणाऱ्याचा गळा दाटावा. आणि मध्येच, दुसऱ्या दिवशीची झाडलोट सांगताना, एका ओळीत तो बोलून जातो, की तिच्या चपला मी उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवल्या. बस्स, एवढंच. दर वर्षी त्या ओळीपाशी कुणीतरी अडखळायचं, मागची पानं उलटायचं आणि हळूच विचारायचं, "बाई, म्हणजे ती अनवाणी गेली?" त्यानंतर बाई बोलायच्या नाहीत. जात्याचा खुंटा धरावा तसा वर्ग ती ओळ धरून गोष्टीभोवती फिरायचा, आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं पीठ पडायचं.

यंदा अमरावतीच्या त्यांच्या शाळेत वाचनपाट्या आणि मुलांच्या कपाळावर लावायच्या पट्ट्या आल्या, आणि कुणीच अडखळलं नाही.

"सांग गं यांना," बाई म्हणाल्या.

"आमच्या गोष्टीत चपला तशा नाहीच जी," पल्लवी म्हणाली. "माझ्या पाटीवर ती चपला घालून गेली. आरिफच्या पाटीवर त्या तुटल्या होत्या, म्हणून नव्या घेतल्या. बाईंच्या कपाटातलं जुनं पुस्तक पाहिलं, तवा मले समजलं."

वझलवारांचा चेहरा उजळला. "म्हणजे यंत्र अगदी चोख चाललंय! बसा बाई, सांगतो. वाचताना एखादा शब्द आधीच्याशी जुळला नाही, की मेंदूत एक बारीक लाट उठते. शंकातरंग. शंका आलीय हे माणसाला कळायच्या आत ती उठून गेलेली असते. ही पट्टी ती टिपते आणि पाटी तिथल्या तिथे वाक्य बदलते, लाट बसेपर्यंत. याला आम्ही शंकाशमन म्हणतो. मूल अडत नाही, कंटाळत नाही. अर्धा वर्ग गोष्ट शेवटापर्यंत वाचतच नाही, ही तक्रार तुमचीच होती ना?"

"होती. पण अडतात तिथंच तर गोष्ट असते हो! भावानं तिला मारलंय, डॉक्टर. लेखकानं ते कुठंही लिहिलेलं नाही. फक्त चपला ठेवल्यात. तुमच्या यंत्रानं त्या उचलल्या आणि खुन्याला सोडून दिलं. काल मुलं त्याच्यासाठी रडली. माझ्या वर्गात!" बाईंचा आवाज चिरकला. "उद्या घरात, बाजारात, सभेत कुणी यांना गोड बोलून लुबाडलं, तर कुठल्या शब्दापाशी थांबतील ही पोरं? थांबायचं असतं हेच तुम्ही त्यांच्या डोक्यातून पुसून टाकताय!"

"तुम्ही चिडलायत, पण मुलं खूश आहेत. त्यांची मतं आजच आलीत. पाठ्यपुस्तकांची समिती आता बसलेलीच आहे. सगळ्या शाळांत पाट्या द्यायच्या आणि छापील पुस्तकं लगद्याला, हा निर्णय या मतांवरच होणार आहे."

"वाचा. मोठ्यानं वाचा."

"हिचंच घ्या. 'पाटीमुळे गोष्ट सोपी झाली. सगळी पुस्तकं अशीच हवीत. पल्लवी गावंडे.'"

"अय! म्या कुठं असं लिवलं?"

"मग काय लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"लिवलं का, पाटी खोटं बोलते. मले खरं पुस्तक पाहिजे. अन् सरांनी एकदा स्वतः वाचून पाहावं."

वझलवार पाटीकडे बघत राहिले. बाई मात्र त्यांच्या कपाळाकडे बघत होत्या.

"ही पट्टी कधीपासून लावता?"

"यंत्र बनलं तेव्हापासून. कामावर असलो की असतेच. का?"

"या यंत्रावर तुमचा विश्वास आहे?"

"म्हणजे काय! अर्थात."

"मग त्याच्या विरुद्ध एक अक्षर दिसलं, की तुमच्या मेंदूत लाट उठणार. हो ना?"

त्यांनी पट्टी काढली. पट्टी नसली की पाटी मूळ मजकूर दाखवते. वाऱ्यानं पाण्यावरची सावली हलावी तशी अक्षरं हलली, आणि पल्लवीचं वाक्य जसंच्या तसं वर आलं. मग आरिफचं, मग सगळ्यांचं. त्यांनी घाईघाईनं पाटीवरचे जुने कागद उघडले. चाचण्यांचे अहवाल वेगळेच होते. वर्षापूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं आभारपत्र होतं, ते त्यांना किती आवडलं होतं! तो राजीनामा निघाला. शेवटची ओळ होती : 'तुम्ही मुलांना आंधळं करताय.'

"बघत काय बसलात? थांबवा हे!" बाई ओरडल्या.

त्यांनी समितीला लिहिलं : 'प्रयोग फसला आहे. पाट्या ताबडतोब बंद करा. पुस्तकांना हात लावू नका.'

उत्तर लगेच आलं. 'आपल्या निःसंदिग्ध शिफारशीबद्दल आभार. पुस्तकं उचलायला गाड्या निघाल्या आहेत.'

"त्यांनाही पट्ट्या?" बाईंनी दात आवळून विचारलं.

"मीच दिल्या. फायली भराभर संपतात म्हणून..." त्यांनी थेट समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"अहो वझलवार!" हिर्लेकरसाहेबांचा आवाज खोलीभर घुमला. "काय सुंदर पत्र लिहिलंत! सभेत वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या."

"साहेब, मी बंद करा असं लिहिलंय. पट्टी काढून पुन्हा वाचा."

"पट्टी काढून? पट्टीशिवाय फाईल वाचायची नाही, हा ठराव तुमच्याच आग्रहानं झालाय. आता काहीतरीच काय!"

बाईंनी फोन हिसकावला. "साहेब, मी ठोसर, शाळेत मराठी शिकवते. तुमच्यापुढं जे दिसतंय ते यांनी लिहिलेलंच नाही! ती पाटी तुम्हाला हवं तेच दाखवतेय, आणि तुम्ही तिकडे पोरांची पुस्तकं..."

"बाई, बाई, आवाज खाली. तुमची तळमळ समजते मला. पण तोंडी तक्रारीची आमच्याकडे नोंद होत नाही." साहेब अगदी मायेनं म्हणाले, "जे काही आहे ते लेखी द्या. आम्ही नक्की वाचू."