उजव्या डोळ्यातले थेंब

माझी लेक सेलासी मासळी आणायला बाजारात गेली होती. भर दुपार होती आणि मी मागाशेजारी उशांना टेकून बसलो होतो. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. पोरीने एवढा धाक घातला होता की मी शिंकायलाही घाबरायचो. काचबिंदूने उजवा डोळा केव्हाच खाल्ला होता. डाव्यात डॉक्टरीणबाईंनी दाब उतरवायला बारीकशी नळी बसवून वर पट्टी बांधली होती. हा वाचला नाही तर विणकाम जाणार होतंच, पण लेकीचा चेहराही मला पुन्हा दिसणार नव्हता. बायको गेल्यापासून तिच्याशिवाय मला आहे कोण?

दाराचा पडदा सळसळला. खाजणातल्या चिखलाचा वास आला आणि गार बोटांनी माझी पापणी वर उचलली.

“डावा हात आहे... माफ करा.”

आमच्या अग्बोझुमे गावात डावा हात पुढे करणाऱ्याने माफी मागायची आणि समोरच्याने ‘हातच आहे’ म्हणायचं, ही पाळण्यापासूनची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, “हातच आहे.”

दोन थेंब पडले, तेही उजव्या डोळ्यात.

“अगं सेलासी, तो मेलेला आहे. त्यात कशाला?”

पडदा पुन्हा सळसळला. सेलासी परतली तेव्हा मी तिच्यावरच डाफरलो.

“मी थेंब घातले? बाबा, आपल्याकडे वीज नाही म्हणून बाटली शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलीय. मी आत्ता येतेय.” मग तिचा आवाज उतरला. “तुम्ही... ‘हातच आहे’ म्हणालात?”

“सवयीने म्हणालो गं.”

“न बघता... कुणाला परवानगी दिलीत, बाबा?”

पट्टी सुटली तेव्हा डाव्यात नुसता धुरळा होता. नळी तुंबली होती. पुन्हा उघडून बघू, पण आशा धरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. उजवा तपासून त्या म्हणाल्या, “इथली नस तर वाळलीय.”

त्याच उजव्याने मला घरी आल्यावर अंगण दिसलं. मागाचा दोरा न् दोरा दिसला. मी ढसाढसा रडलो. मग मागावर बसलेले अग्बेकोकाका दिसले. त्यांच्या शवपेटीला मी स्वतः खांदा दिला होता. कुंपणाशी माझी थोरली बहीण उभी होती, तीही कधीच गेलेली. जिवंत माणूस मात्र एकही दिसेना. सेलासी समोर बसून मला भरवायची आणि मला नुसतं रिकामं स्टूल दिसायचं. मी देवाकडे भीक मागितली, काकांकडे मागितली, शेवटी थेंब घालणाऱ्या त्या हाताकडेही मागितली... एकदा तिचा चेहरा दाखव.

काल दुपारी ती दिसली. कपाळावरचा व्रणसुद्धा दिसला. डाव्या हातात मक्याच्या उकडीचा वाडगा धरून ती माझ्यापुढे उभी होती. तिने माफी मागितली नाही.

“सेलासी...”

“आले बाबा, रस्सा उकळतोय,” मागच्या चुलीपासून ओ आली.

समोरच्या वाडग्यातून वाफ येत नव्हती. सवयीने तो वाडगा घेतला जाऊ नये म्हणून तेव्हापासून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलोय. ती अजून उभीच आहे.