मेनच्या खालची ओळ

यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी जीवशास्त्र शिकले आहे. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही.

पण हे घडलं आहे. मी तिथे होते.

रात्र नव्हती. सुट्टीच्या दिवसाची दुपार होती. माझ्या टेबलावर ऊन आलं होतं आणि अख्ख्या मजल्यावर मी एकटी होते.

आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या पेशी गोठवून ठेवतात. माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि त्यांत द्रवरूप नायट्रोजन. तो सतत उडून जातो, म्हणून सतत भरावा लागतो. ते काम संगणक करतो. त्यासाठी एक शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे ओळीखाली ओळ लिहिलेले हुकूम. पातळी बघ. कमी असेल तर व्हॉल्व्ह उघड. भरली की बंद कर.

त्यातल्या एका टाकीत माझ्या धाकट्या बहिणीच्या पेशी होत्या. कॅन्सरच्या औषधांनी तिच्या हाडांतली मज्जा पार रिकामी केली होती. काही दिवसांत त्या पेशी तिच्या अंगात परत जायच्या होत्या. दुसरा साठा नव्हता. पुन्हा काढता येणार नव्हता.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

“मुंगे, माझे मटार नीट आहेत ना फ्रीजरमध्ये?”

गोठवलेल्या पेशींना ती मटार म्हणते. आणि लहानपणापासून मला मुंगी म्हणते. मी सगळं ओळीत लावते म्हणून.

“नीट आहेत. तू झोप.”

“तुझा आवाज असा का येतोय?”

“सर्दी झालीये.”

“खोटारडी,” म्हणाली, आणि हसत फोन ठेवला.

सर्दी झाली नव्हती. टाकीतली पातळी सकाळपासून उतरत होती.

व्हॉल्व्ह उघडत होता... आणि लगेच बंद होत होता.

ही स्क्रिप्ट मास्तरांनी लिहिली होती. ते आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. त्यांची एक शिस्त होती. ज्याने फंक्शन, म्हणजे एकेका कामाच्या हुकुमांचा गट, लिहिलं, त्याने त्याच्या नावाआधी स्वतःचं नाव लावायचं. म्हणजे चूक झाली तर कान कोणाचा धरायचा ते कळतं, असं ते म्हणायचे. त्यांची फंक्शनं मास्तर_भर, मास्तर_बंद. माझी मुंगी_मोज, मुंगी_कळव. धाकटीने एकदा सगळ्यांसमोर मला त्या नावाने हाक मारली, तेव्हापासून मास्तरांसाठीही मी मुंगीच झाले.

मास्तर गेल्या हिवाळ्यात गेले.

त्याच टाक्यांच्या खोलीत. पाइपचा सांधा सुटला आणि खोलीभर नायट्रोजन झाला. त्याला वास नसतो, रंग नसतो. जीव घुसमटत नाही. माणूस नुसता खाली बसतो... आणि उठत नाही.

तेव्हापासून नियम झाला. खोलीत एकट्याने जायचं नाही. एकजण आत, एकजण बाहेर. बाहेरच्याने दाराच्या काचेवर दोनदा टकटक करायची. आतल्याने दोनदा टकटक करून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर धावायचं. आता सवय अशी झाली आहे की टकटक ऐकली की हात आपोआप उत्तर देतो.

तर व्हॉल्व्ह कोण बंद करतंय, ते शोधायचं होतं. त्यासाठी मी स्क्रिप्टमध्ये चार ओळी घातल्या. व्हॉल्व्ह बंद होताना त्या कॉल स्टॅक छापणार होत्या. हे अवघड नाही. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. ज्याने बोलावलं तो काम संपेपर्यंत जागीच थांबून राहतो. स्टॅक म्हणजे अशा थांबलेल्यांची उतरंड. सगळ्यात वर आत्ता चालू असलेलं काम, त्याखाली त्याला बोलावणारा, त्याखाली त्यालाही बोलावणारा. तळाशी मेन, म्हणजे खुद्द स्क्रिप्ट.

मेनच्या खाली काही नसतं.

मी स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर ओळी उमटल्या.

मास्तर_बंद.
मास्तर_भर.
मेन.

आणि त्याखाली...

मास्तर_थांब.

ओळ क्रमांक शून्य. फाइलच्या नावाची जागा रिकामी.

त्यांचीच एखादी जुनी फाइल कुठेतरी जोडलेली राहिली असेल, असं मला वाटलं. मी पूर्ण संगणक धुंडाळला. मास्तर_थांब हे नाव एकाही फाइलमध्ये नव्हतं.

मग मी मास्तर_बंद हे फंक्शनच पुसून टाकलं. पुन्हा स्क्रिप्ट चालवली.

व्हॉल्व्ह उघडला... आणि बंद झाला.

पडद्यावर त्याच ओळी. पुसलेलं फंक्शन सगळ्यात वर. तळाशी मास्तर_थांब.

पातळी लाल रेषेला टेकली होती.

व्हॉल्व्ह हाताने उघडण्याचं चाक आत, टाकीपाशी आहे. नियम मला पाठ होता. पण वॉचमन खाली फाटकावर होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त धाकटी होती. मी हातमोजे चढवले आणि खोलीच्या दारापाशी गेले. शेजारच्या मीटरवर प्राणवायू व्यवस्थित दिसत होता. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

टक... टक.

काचेवर. आतून.

आणि मी उत्तर दिलं. विचार करायच्या आधीच माझा हात उठला होता. टक, टक.

मग मी काचेतून आत पाहिलं.

आत कोणी नव्हतं. काचेवर पातळ वाफ धरली होती, पण दिवा लागलेला होता, अख्खी खोली दिसत होती. काचेवर आतल्या बाजूने बोटाच्या पेराएवढे दोन ठिपके होते, वाफ पुसली गेल्यासारखे. बघता बघता ते पुन्हा धूसर झाले.

मी मागे सरकले, म्हणून मीटरकडे नीट पाहिलं. जिवंत मीटरचा शेवटचा अंक कधी स्थिर नसतो, सारखा थोडा वरखाली होतो. हा हलत नव्हता.

मीटर बंद पडला होता. सकाळचाच आकडा दाखवत होता.

मी वॉचमनला फोन केला. तो धापा टाकत जिना चढून आला.

“काय झालं, ताई? पांढऱ्याफटक पडलात.”

“आतली हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. दार उघडू नका अजून.”

पंखा बराच वेळ चालू ठेवला. मग दार किलकिलं करून मी हातात धरायचा दुसरा मीटर काठीला बांधून आत सरकवला. तो किंचाळायला लागला. एवढी हवा खेळूनही... मी मघाशी आत गेले असते तर चाकापर्यंतही पोचले नसते.

पाइपच्या सांध्याला पुन्हा बारीक चीर गेली होती. व्हॉल्व्ह उघडा राहिला की नायट्रोजन टाकीत कमी, खोलीत जास्त जात होता.

हवा स्वच्छ झाल्यावर वॉचमन बाहेर उभा राहिला. मी आत गेले आणि धाकटीच्या पेशींचा डबा शेजारच्या टाकीत हलवला. पेशी वाचल्या. त्या तिच्या अंगात गेल्या, रुजल्या. आज ती माझ्या घरी आहे. डोक्यावर बोटभर केस आलेत आणि जिभेला जुनी धार आली आहे.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मास्तरांनी मला वाचवलं, असं म्हणून मी हात जोडले असते.

पण त्या गडबडीत स्क्रिप्ट चालूच राहिली होती. ती एकदा आणखी फिरली होती. मी जागेवर परत आले तेव्हा पडद्यावर नवा स्टॅक होता.

मास्तर_बंद.
मास्तर_भर.
मेन.
मास्तर_थांब.

आणि त्याच्याही खाली एक ओळ...

मुंगी_आले.

हे फंक्शन मी लिहिलेलं नाही. कधीच नाही. मी फक्त काचेवरच्या टकटकीला उत्तर दिलं होतं.

तो संगणक आम्ही काढून टाकला. नव्या संगणकावर मी नवी स्क्रिप्ट लिहिली, एकही जुनी ओळ न घेता. पहिल्याच चाचणीत मी स्टॅक छापून पाहिला. मास्तरांचं नाव त्यात नव्हतं. मेन होतं.

आणि मेनच्या खाली माझं.

बोलावणारा काम संपेपर्यंत जागीच थांबून राहतो. हा नियम मी कित्येकांना शिकवला आहे. मास्तर सुटले असावेत. मग त्यांच्या जागी कोण थांबलंय? मी तर इथे बसून हे लिहिते आहे.

धाकटीला अजून अंथरुणातून उठता येत नाही. काही हवं असलं की ती भिंतीवर टकटक करते. काल दुपारी आवाज आला.

टक... टक.

मी उठून तिच्या खोलीत डोकावले. ती गाढ झोपली होती. दोन्ही हात पांघरुणात.

आणि माझा हात भिंतीकडे उचलला गेला होता.

मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.