विहिरीतला नर

जरा जवळ सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. हे मोठ्याने सांगायचं नाहीच.

मी जमिनीखालच्या पाण्यातले जीव ओळखते. झिंग्यांचे लांबचे नातलग. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, डोळेच नसलेले. लोक विचारतात, यांचं तुम्ही करता तरी काय? लग्नं जमवते, असं मी सांगते. ते अगदीच खोटं नाही. आमच्याकडे नर सापडल्याशिवाय नवी जात पक्की होत नाही. त्याच्या मागच्या पायांची ठेवण पाहावी लागते.

माझ्या गुरूंना आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचो. एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तळघरातल्या विहिरीत त्यांना अशी एक नवी जात सापडली होती. सगळ्या माद्याच. उभं आयुष्य बाईंनी नर शोधला, आणि गेल्या थंडीत त्या गेल्या. “तेवढं राहिलं गं,” एवढंच शेवटी म्हणाल्या. मला भिंगाखाली सुई धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या हाताला जे येतं ते सगळं त्यांचं आहे.

ती विहीर बुजवायची ठरली. भर दुपारी मी जाळं घेऊन पोचले, तर मुकादम दारातच उभा.

“ताई, काँक्रीटची गाडी निघालीय. लवकर आटपा.”

तळघरात दुपार पोचलीच नव्हती. ओल्या चुन्याचा, गंजाचा वास, आणि कुठेतरी थेंब पडत असल्याचा आवाज. मी जाळं तळाला टेकवलं, हलवलं आणि वर ओढू लागले. निम्म्यावर दोरी जड झाली. अडकली नव्हती, ताणली जाई, सैल पडे, पुन्हा ताणली जाई. माझी घाई कोणीतरी आवरत होतं. मी हात सावकाश केला, तशी ती हलकी झाली.

“ताई...” वरून मुकादमाचा आवाज आला, “खाली दुसरं कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग बोलतंय कोण?”

मी कान दिला. अगदी खाली, पाण्यालगत, कुजबुज होती... शब्द कळत नव्हते. सूर समजावणीचा होता.

माझी पाचावर धारण बसली. जाळ्यातलं सगळं बाटलीत उपडं केलं, वर स्पिरिट ओतलं आणि जिना गाठला. उजेडात आल्यावर कळलं, मी काय करून बसले ते. आधी पाण्यात थोडा फसफसता, प्यायचा सोडा घालायचा असतो. त्याने हे जीव सैल पडतात, मग स्पिरिट. थेट स्पिरिट पडलं की त्यांचं घट्ट वेटोळं होतं आणि पाय पोटाशी दडतात. सोड्याची बाटली माझ्या पिशवीत तशीच होती. पुन्हा खाली जायला मी वळले, पण गाडी लागली होती. विहिरीत काँक्रीट पडताना मी ऐकलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेत बशी भिंगाखाली घेतली. सगळी वेटोळी. सुई लावली की पाय तुटत होते. त्यात नर असता तरी काय उपयोग? मी बशीवर झाकण ठेवलं आणि पोटभर रडले.

“बाई, मी घाण केली हो,” म्हणाले.

तोंड धुऊन आले. आवराआवर करावी म्हणून झाकण काढलं.

वेटोळ्यांच्या मधोमध एक जीव सरळ पडला होता. मिश्या पुढे, पाय एकेक सुटा. कोणीतरी शेजारी बसून, जराही घाई न करता, त्याला उलगडलं होतं. नर होता.

मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीहून मोठी कृतज्ञता होती. टेबलाला डोकं टेकवलं आणि म्हणाले, “बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.”

जातीला बाईंचं नाव दिलं. तो नर संग्रहालयाच्या कपाटात, लहानशा बाटलीत, स्पिरिटमध्ये एकटा ठेवला. झाकणावर मी स्वतः मेण लावलं. आजही कपाटापुढून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात.

परवा बाहेरचा एक अभ्यासक तो नर पाहायला आला. मेण शाबूत होतं, मीच फोडलं. बाटलीतलं सगळं, स्पिरिटसकट, बशीत ओतलं. त्याने भिंगाला डोळा लावला, मग बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

“मॅडम... चिठ्ठीवर एकच लिहिलाय.”

“एकच आहे.”

तो बाजूला झाला. मी वाकून पाहिलं. नराला लगटून एक मादी होती, सरळ, पाय मोकळे. तिच्या पोटाखालची अंड्यांची पिशवी फुटलेली, रिकामी. आणि भोवती, कणीहून कितीतरी बारीक, पिल्लं...

त्यातलं एक पोहत होतं.