धक्क्याखालचं उत्तर

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. माझ्यासमोर. शनिवारच्या संध्याकाळी, तलावावरच्या लाकडी धक्क्यावर.

मी आणि माझे काका, आम्ही दोघंही सुतार. दुसऱ्या दिवसापासून त्या धक्क्यावर मुलांचा पोहण्याचा वर्ग भरणार होता. त्यात माझी लेकही होती. फळ्या वरून चकाचक दिसत होत्या. पण एकीत पटाशी टोचली, तर लोण्यात शिरावी तशी आत गेली.

लाकूड आतून कुजलं होतं.

आमची कामाची पद्धत ठरलेली. काका कमरेभर पाण्यात, धक्क्याखाली. मी वर. खाली आवाज घुमतो, बोललेलं कळत नाही. म्हणून मी फळीवर हातोडी मारायची, काकांनी ती खालून तपासायची आणि ठोकून उत्तर द्यायचं. एक ठोका म्हणजे फळी चांगली. दोन म्हणजे कुजलेली, काढायची. तिच्यावर मी खडूने फुली मारायची.

काम भराभर चाललं होतं. उजेड कमी होत होता...

ठक ठक.

ठक.

एका फळीपाशी मला शंका आली. तिला कुबट वास येत होता. मी पुन्हा ठोकलं.

ठक... म्हणजे चांगली.

"काका, नक्की ना?"

ठक. या वेळी जरा जोरात.

तेवढ्यात मागून, किनाऱ्यावरून काकांचा आवाज आला. "अगं, एकटीच काय ठोकत बसलीयेस? लाकडाशी गप्पा मारतेस का?"

मी वळले. काका शेडच्या दारात उभे होते. अंगात कोरडे कपडे, हातात चहा.

"तुम्ही... वर कधी आलात?"

"मघाशीच. थंडी भरली गं. हाक मारली की तुला."

आणि माझ्या पायाखाली...

ठक.

मी किनाऱ्यावर कशी पोचले, माझं मलाच ठाऊक.

सकाळी लख्ख उजेडात आम्ही सगळा धक्का उचकटला. शेवटी शेवटी फुली मारलेल्या फळ्या ठणठणीत निघाल्या. आणि ज्या चांगल्या म्हणून सोडल्या होत्या, त्यांचा हातात भुगा होत होता. वर्ग पुढे ढकलला, सगळं लाकूड नवं घातलं. मुलं वाचली.

पण जेवताना काका हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी पलीकडच्या मोठ्या धक्क्यावरही मी असाच मधेमधे वर यायचो. चहा प्यायचो, आणि तुझी ठोकाठोक चालूच असायची. मला वाटायचं, खिळे मारतेस."

मी खिळे मारत नव्हते. मला उत्तरं येत होती.

आम्ही त्या धक्क्याच्या मालकाकडे गेलो. अक्षरशः हातापाया पडलो. तो हसला. "वर्षभर साधी कुरकुर नाही. चांगला धक्का कशाला उचकटता?"

पुढच्या आठवड्यात शाळेची सहल तिथेच जाणार आहे. मी लेकीला पाठवणार नाही.

बाकीच्या मुलांच्या आयांना काय सांगू, ते मला कळत नाहीये.