स्वच्छ हवेची जागा

"ओ बाई, छत्री खोक्यावर धरलीसा आणि सोता भिजतासा! खोक्याला सर्दी हुती काय?"

केशरनं मान वर केली. कुंभारवाडा गावाची बस चिखलात रुतली होती, सप्टेंबरचा पाऊस झिमझिमत होता, आणि डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक उंच, सावळा माणूस समोर हसत उभा होता.

"होतेच मुळी," ती ठसक्यात म्हणाली. "आत यंत्र आहे. हवेतला धूर मोजायचं."

"धूर? हितं?" त्यानं चहूकडच्या रानावरून नजर फिरवली. "बाई, तुमी चुकून भलत्याच बशीत बसलासा."

तिला हसू आवरलं नाही. त्याचं नाव नागू. त्यानं ते जड खोकं डोक्यावर घेतलं आणि गावाबाहेरच्या तिच्या खोपीपर्यंत चिखल तुडवत आणून दिलं. त्याचं घर आणि गोठा खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे होता.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. केशर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत हवेचा अभ्यास करायची. शहरात उद्या हवा किती घाण होणार ते आधी सांगायचं, तर मुळात स्वच्छ हवा म्हणजे काय ते ठाऊक नको का? तशी एक जागा हवी म्हणून तिनं वर्षानुवर्षं साहेबांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी मिळाली ती ही, सीमेपलीकडच्या जोयडा तालुक्यातल्या रानातली.

पण जागा मिळाली, माणसं कुठून आणणार? यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढायचं, तेवढाच काय तो आवाज. पुण्यात तरी तिची वाट बघणारं कोण होतं म्हणा! आई गेलेली, भाऊ आपल्या संसारात. दिवस कामात सरायचा, संध्याकाळ मात्र खायला उठायची. मग ती यंत्राशीच बोलायची... आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची.

सकाळी नागू दूध घेऊन यायचा. तेवढं मात्र बरं वाटायचं.

"आज हवा कशी हाय, बाई?"

"स्वच्छ."

"आणि तुमी?"

"मी... बरी आहे."

"असं न्हाई. मोजून सांगा की!"

ऑक्टोबरात तिला हिवतापानं आडवं केलं. नागूनं बैलगाडीतून जोयड्याला डॉक्टरकडे नेलं, त्याच्या आईनं, तुळजाव्वानं, उशाशी बसून पेज पाजली. केशर बरी झाली. थंडी पडली तशी डासही कमी झाले, असं तिला वाटलं. आणि त्याच सुमारास यंत्राचं बिनसलं. रोज दिवेलागणीला पेन टुणकन वर उडी मारायचं. धूर! या रानात!

पुण्याहून साहेबांचा निरोप आला – महिनाअखेरपर्यंत धूर गेला नाही, तर केंद्र बंद. परत या आणि टेबलाशी बसा.

केशरच्या पायाखालची वाळू सरकली. तिनं घरोघरी जाऊन बायकांना चुली लवकर, उन्हात धूर वर उडून जाईल तेव्हाच पेटवायची गळ घातली. बायका खो-खो हसल्या, पण बिचाऱ्यांनी ऐकलं. तरी पेन उडी मारतंच! नागू तर कोण रान पेटवतंय बघायला पार पुढच्या दिग्गी गावापर्यंत पायी जाऊन आला.

"कुणीबी न्हाई, बाई," तो हिरमुसून म्हणाला. "तुमी... जाणार काय मग?"

"जावं लागेल."

तो दुधाचं भांडं तसंच हातात धरून उभा राहिला.

अंधारलं की ती रानाच्या भीतीनं दार लावून घ्यायची; त्या संध्याकाळी मात्र तिनं हिय्या केला. दार उघडून वास येईल तिकडे निघाली. खोपीमागं, बांधाच्या आड, खोलगटात... काखेत कळसा आणि गावाला वळसा! नागू उकिडवा बसून गोवऱ्यांवर निरगुडीचा ओला पाला टाकत होता आणि घोंगडीनं धूर तिच्या खोपीकडे हाकत होता.

"नागू! काय करताय हे?"

तो दचकून उठला. "डास, बाई... तुमास्नी परत ताप याया नगो म्हणून... गोठ्यात घालतो तशीच धुरी..."

"रोज? आणि मी रानोमाळ धूर शोधतेय!"

"पर तुमचं यंत्र तर घाण धूर, चुलीचा न्हाईतर वणव्याचा, पकडतंय म्हणालासा न्हवं! ह्यो तर औषधाच्या पाल्याचा धूर..."

"यंत्राला काय कळतं कुणाचा धूर? माझं सगळं काम मातीत घातलंत तुम्ही!"

नागूचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं दोन्ही हातांनी माती लोटून आग विझवली आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून रेघ सरळ. तिनं पुण्याला खरं ते कळवलं आणि केंद्र राहिलं! पण ही आनंदाची बातमी सांगायची कुणाला? नागू फिरकेनासा झाला. डास तेवढे परतले. मच्छरदाणीत बसून ती त्या सरळसोट रेघेकडे बघायची आणि तिला रडू यायचं. इतकी स्वच्छ हवा, आणि श्वास घेववेना.

दूध आता तुळजाव्वा आणायची. एकदा तिनं तोंड उघडलंच.

"काय जादू केलीस गो, बाई? पोरानं बिडी सोडली. वारं वर, तुज्या खोपीकडं सुटलं की सांजचं चूल पेटवू देत न्हाई. थंड पेज पितो आणि मलाबी पाजतो. म्हणतो, बाईचं यंत्र बिघडंल, मग त्या जातील."

केशर भांडं तिथंच ठेवून उठली. ओढा ओलांडून थेट त्याच्या अंगणात गेली. नागू दावं वळत बसला होता. तिला बघून धडपडत उभा राहिला.

"आज चूल पेटवा," ती धापा टाकत म्हणाली. "वारा घाटाकडून आहे, धूर माझ्याकडे यायचा नाही. उद्याही तसाच राहील."

"नक्की?"

"वारा कुठं जाणार ते सांगणं माझं कामच आहे."

"आणि... उलटा फिरला तर?"

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नजर न चोरता बघितलं.

"तर त्या दिवशी थंड पेज. तिघांनी मिळून."

"तिघं?" नागूच्या हातातलं दावं गळून पडलं. "म्हंजे तुमी... हितं? आमच्यात?"

"तुम्ही ठेवून घेतलंत तर."

नागू नुसता हसत राहिला, डोळे भरून आले तरी. मग घराकडे तोंड करून, सगळ्या रानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "आव्वा! चूल पेटव गो! सून आलीया!"