बदकाने बोलायचं नाही

त्या खुर्चीवर बसून त्याला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: एक चालू प्लग. कॉम्प्युटर लॅबच्या शेवटच्या रांगेत प्लग पुष्कळ होते, पण ज्यातून खरोखर वीज यायची असा एकच. आणि त्याच्या लॅपटॉपची बॅटरी उठायची तशी लगेच बसायची. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला मात्र तो बसल्याने काहीच मिळणार नव्हतं. म्हणून तिने अट घातली.

"बस. पण फुकट नाही."

"मग?"

"मी बोलणार, तू ऐकायचं. समजलं नाही तरी चालेल. मध्ये बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"प्रोग्रॅम चालेपर्यंत."

त्याने तिच्या स्क्रीनवरच्या लाल ओळींकडे पाहिलं, आपल्या विझत चाललेल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि बसला.

ही अट तिच्या डोक्यातून आलेली नव्हती. पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं होतं, प्रोग्रॅम अडला की तो कुणाला तरी ओळीओळीने समजावून सांगा. माणूस नसेल तर टेबलावर रबराचं बदक ठेवा आणि त्याला सांगा. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच सापडते. वर्ग तेव्हा हसला होता. तिने मात्र ते मनावर घेतलं, आणि त्याचा त्रास तिच्या रूममेटला झाला. रूममेट बरेच महिने बदक झाली आणि मग एक दिवस उशी डोक्यावर घेऊन म्हणाली, "बाई, मला माझंच कळत नाही. तू दुसरं बदक शोध."

शोधणं भागच होतं. दुसऱ्या वर्षाचा डेटा स्ट्रक्चरचा विषय तिच्या मानगुटीवर बसला होता. लेखी निघालं होतं, प्रॅक्टिकल अडलं होतं. मागच्या खेपेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "समजावून सांगा" एवढंच म्हटलं आणि तिची वाचा बसली. आता या खेपेला विषय निघाला नाही तर शेवटच्या वर्षात प्रवेश नाही. मग मामाचं औषधांचं दुकान होतंच. मामा बारावीपासून म्हणत होता, पोरीला काउंटरवर बसवा. "ती शिकेल" असं आईने सगळ्यांदेखत ठासून सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून आई फोनवर अभ्यासाचं काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर बदक रोज यायला लागलं.

त्याचं वर्ष कोणतं, शाखा कोणती, तिने विचारलं नाही. बदकाला शाखा नसते. तो एसीच्या तोंडाशी असलेल्या खुर्चीवर बसायचा, म्हणजे गार झोत त्याच्या पाठीवर आणि तिला बाह्या बोटांपर्यंत ओढायची गरज नाही. हे तो मुद्दाम करतो की त्याला तिथेच आवडतं, हेही तिला कळलं नव्हतं. हातात पेन असायचं, त्याचं टोक तो टिक-टिक करत राहायचा. बस्स. बाकी गप्प.

"हे बघ," ती सांगायची, "ही डब्यांची साखळी आहे. प्रत्येक डब्याला फक्त पुढच्या डब्याचा पत्ता माहीत. मला मधला डबा काढून टाकायचाय. मी तो सोडला... आणि पुढची सगळी साखळी गायब. कुठे गेली?"

टिक-टिक.

"म्हणजे मी आधी हा सोडते, मग याच्याकडून पुढच्याचा पत्ता... थांब. सोडल्यावर पत्ता कुणाला विचारणार?"

मग ती कपाळावर हात मारायची. आधी पुढच्याचा पत्ता धरून ठेवायचा, मग हातातला सोडायचा. प्रोग्रॅम चालायचा. ती विजयाने त्याच्याकडे बघायची आणि तो असा काही हसायचा, जणू तिने आत्ताच पृथ्वी गोल असल्याचा शोध लावलाय.

हळूहळू ती प्रोग्रॅमखेरीज इतरही सांगायला लागली. मामाचं दुकान, आईचं न विचारणं, मेसच्या रांगेत झालेलं भांडण. रूममेटने एकदा विचारलं, "तुला तो आवडतो का?" ती म्हणाली, "कसं सांगू, तो अजून काही बोललाच नाहीये." रूममेट म्हणाली, याहून चांगलं स्थळ मिळणार नाही.

पण खरंच तिचा गोंधळ होता. त्याची वाट बघायची ती, की कुणीतरी ऐकतंय याची? रविवारी लॅब बंद असे आणि दिवसभर तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटे. काय, ते सापडत नसे.

परीक्षा तोंडावर आली आणि एका दुपारी मॅडम लॅबमध्ये डोकावल्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, बरा सापडलास. मागच्या वर्षी डेटा स्ट्रक्चरचे जादा तास तूच घेतले होतेस ना ज्युनियरांचे? यंदाही घेशील? तुझ्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही."

पेनची टिक-टिक थांबली.

मॅडम गेल्या. ती स्क्रीनकडेच बघत होती. त्या जादा तासांना ती एकदाही गेली नव्हती.

"तुला येत होतं."

"हो."

"सगळं?"

"बहुतेक."

"ती साखळी... तीन दिवस मी डोकं फोडलं. तुला कधी कळली चूक?"

"पहिल्या दिवशी. तू सांगायला लागलीस तेव्हाच."

"आणि तू गप्प बसलास."

"तूच म्हणालीस, बदकाने बोलायचं नाही."

"माणसाने अट इतकी पाळायची नसते."

"सांगितलं असतं तर तू थँक्यू म्हणून गेली असतीस."

हे तिच्या आयुष्यात कुणी केलेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं की सगळ्यात मोठी फसवणूक? राग काढायचा तर वाक्य गोड होतं, गोड मानायचं तर ते तीन दिवस आठवत होते. शेवटी तिने त्याच्या चार्जरची पिन काढून त्याच्या हातात दिली. तिला तेवढंच सुचलं.

"आता परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस... दादा."

'दादा' त्याला बरोबर लागला. सीनियरला दादाच म्हणतात, त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या खुर्चीला नवा प्रोग्रॅम समजावायला लागली. जमेना. ओळीमागून ओळ सांगत गेली, चूक कुठे आहे तेच दिसेना. आणि मग एकदम लक्षात आलं. ती चुकीच्या ओळीवर आली की त्याचं पेन थांबायचं. प्रत्येक वेळी. टिक-टिक चालू म्हणजे बरोबर, बंद म्हणजे इथे काहीतरी आहे. ती थबकायची, परत बघायची, चूक सापडायची.

म्हणजे चुका तिला सापडतच नव्हत्या.

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. मग तिला येतंय काय? परीक्षेत कोण टिक-टिक करणार? तिने रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, त्याला बोलव, पेन घेऊन बस म्हणावं. हिने म्हटलं, मेले तरी नाही. मग रात्री चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा खाली ठेवला.

परीक्षेला बाहेरून आलेले सर जाडजूड चष्म्याचे होते. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. त्यांनी साखळीचाच प्रोग्रॅम काढायला लावला आणि म्हणाले, "समजावून सांगा."

तिचं तोंड सवयीने सुरू झालं. हे बघा सर, ही डब्यांची साखळी. प्रत्येक डब्याला फक्त पुढच्याचा पत्ता. आता मी मधला डबा...

ती थांबली. खोलीत एसीचा आवाज होता, पंख्याचा होता, कुणाची टिक-टिक नव्हती. सरांचे डोळे तसेच दगडासारखे. तरी ती थांबली होती.

"एक मिनिट, सर. इथे मी चुकलेय. सोडायच्या आधी पुढचा धरायला हवा."

तिने ओळ वर घेतली. प्रोग्रॅम चालला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. "कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "कुणीच काही बोललं नाही, सर."

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, आसपास एकही प्लग नाही. तिला पाहून उठला, परत बसला, परत उठला.

"झालं?"

"झालं."

"साखळी आली होती?"

"आली होती." ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "आता तू सांग. मी बदक. ओळीओळीने सांगायचं."

"काय सांगू?"

तिने टिक-टिक सुरू केली.

त्याने घसा साफ केला. "मी... लॅबमध्ये यायचो. अभ्यासाला."

टिक-टिक थांबली.

"बरं. प्लगसाठी यायचो."

पेन थांबलेलंच.

"पहिल्या आठवड्यात प्लगसाठी. मग नवी बॅटरी बसवली. तरी चार्जर आणायचो, नाहीतर तू विचारलं असतंस की इथे का बसलास." त्याने पेनकडे बघितलं. टिक-टिक सुरू झाली होती. तो जरा सुटला. "सांगायचं रोज ठरवायचो, सगळं येतं म्हणून. पण सांगितलं की संपलं. तू बोलत असायचीस आणि मला वाटायचं... अजून एक चूक असावी. एकच. हे वाईट आहे, माहितीये मला."

टिक-टिक.

"आणि तू दादा म्हणालीस, तेव्हापासून जेवण गेलं नाही."

पेन थांबलं.

"म्हणजे, जेवलो. पण मन नव्हतं." मग हळूच म्हणाला, "तू मला आवडतेस. यात चूक असेल तर थांबव."

ती पेनच्या टोकाकडे बघत राहिली. तिला राग आला होता का? आला होता. गेला होता का? सांगता येत नव्हतं. एवढं मात्र तिला ऐकू येत होतं की तिचा अंगठा चालूच आहे. टिक-टिक, टिक-टिक... आणि थांबायचं नावच घेत नाही.

"बदकाला बोलायची परवानगी आहे?" तिने विचारलं.

"आजच्यापुरती."

"दादा म्हणणार नाही. बाकीचं अजून कळलं नाहीये मला. उद्या लॅबमध्ये ये, मोठ्याने सांगून बघते. सापडेल."

निकाल लागला, विषय निघाला. आईने फोनवर पहिल्यांदा विचारलं, "आता पुढे काय काय असतं गं?" आणि ऐकत बसली. मामाने काउंटरवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं. त्याला ती मिळाली, तिला तो मिळाला, रूममेटला झोप मिळाली.

राहता राहिला काका. काका म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला त्याचा जोडीदार. पोरगा वर्गातलाच, पण अकाली टक्कल आणि सारखं कुरकुरणं यामुळे सगळे काकाच म्हणायचे. "आलोच लॅबमधून" असं सांगून बदक रोज पसार व्हायचं, तेव्हा मागे काका एकटा प्रोजेक्ट उभा करत होता. प्रोग्रॅम त्याने लिहिला, चुका त्याने काढल्या, जाडजूड अहवालही त्यानेच टाइप केला. अहवालाच्या पहिल्या पानावर दोघांची नावं वर्णक्रमाने घालायची होती.

काकाचं नाव दुसरं आलं.