दोराची फेड

१९८६ सालची कोजागिरी. पाऊस आटोपला होता, खाडीचं पाणी निवळलं होतं. श्यामकांत प्रधानांच्या शिडाच्या होडीचं पेट्रोल इंजिन बघायला बोरिवलीचा दत्ताराम मिस्त्री दुपारीच गोराईच्या धक्क्यावर आला. इंजिनाचं दुखणं विचित्र होतं. होडी धक्क्याला बांधलेली असताना ते सुरळीत चाले. खाडीच्या तोंडाहून होडी परत फिरली की वेग पडे.

दत्तारामने कार्बोरेटर उघडून जेटचं बारीक भोक फुंकून साफ केलं. टाकीच्या तळाचं पाणी काढलं, प्लग बदलले. मग तो आणि श्यामकांत होडी घेऊन तोंडापर्यंत गेले. जाताना इंजिन झकास चाललं.

"बघितलंत साहेब? दत्तारामने हात लावला की..."

"आधी घरी पोचवा मिस्त्री. मग मिशीला पीळ द्या."

होडी वळवली आणि इंजिनाचा आवाज बसला.

दिवस मावळत होता. वारा पडलेला, शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. ओहोटी होडीला मागे रेटत होती आणि डाव्या अंगाला खडक उघडे पडत होते. दत्तारामने गिअर काढला. इंजिन भरधाव सुटलं. गिअर टाकला, पुन्हा बसलं. पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक. दुखणं इंजिनात नव्हतंच. होडी काहीतरी ओढत होती.

तेवढ्यात बिडीचा वास आला. दोघांपैकी कुणीही बिडी पेटवली नव्हती.

दत्तारामने मागे पाहिलं. होडीच्या मागच्या खुंट्याला बांधून गुंडाळून ठेवलेला नवा दोर आता ताठ होऊन काळ्या पाण्यावरून मागे गेला होता. त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

श्यामकांतने चाकू काढला. "कापतो."

"थांबा."

"अहो, खडकावर जाऊ आपण!"

"कापायचा नाही म्हटलं ना!"

इथेच एकदा दत्तारामची होडी बंद पडली होती, तेव्हा सदा बिडी ओढणाऱ्या गोराईच्या अंबादासने त्याला दोर टाकून ओढून आणलं होतं. धक्क्याची रीत ठरलेली: ज्याला ओढून आणलं, त्याने दोराच्या टोकाला नारळ बांधून दोर परत करायचा, आणि वेळ आली की ओढणाऱ्याला ओढून आणायचं. नारळ दत्तारामने दिला होता. दुसरं राहिलं. गेल्या आषाढात अंबादास याच तोंडाशी गेला. ना होडी सापडली, ना तो.

"अंबादास," दत्ताराम हलकेच म्हणाला, "घट्ट धर रे."

त्याने थ्रॉटल थोडा मागे घेतला. जड ओझं ओढताना इंजिनाला दामटायचं नसतं. तिवरांच्या कडेला पाण्याची ओढ कमी असते. होडी तिकडे घातली. इंजिन कण्हत राहिलं, पण बंद पडलं नाही. खडक हातभर अंतरावरून मागे गेला. आणि होडी पुढे निघून आल्यावर, मागे त्याच खडकाला लाकूड घासल्याचा आवाज आला.

"मिस्त्री... मागे कोण आहे?"

"आपलाच माणूस. बघू नका."

होडी धक्क्याला टेकताच इंजिनाचा वेग आपोआप चढला. दोर सैल पडला. चंद्र वर आला होता. दत्तारामने दोर हळूहळू ओढून घेतला.

टोकाला नारळ बांधलेला होता. ताजा, शेंडीसकट.

दत्तारामने नारळ कपाळाला लावला आणि दोर गुंडाळून ठेवला.